शेवटच्या पंगतीला काय उरलं?



या वेळच्या पत्रिकेसाठी आमच्याकडून काही लिहून मागितलं, तेव्हा आधी वाटलं की उत्सवाचा वृत्तांत द्यावा. किती लोक आले, किती क्विंटल तांदूळ लागला, कोणी काय दिलं, वगैरे. पण उत्सवाच्या दहा-बारा दिवस आधी एक साधा प्रसंग घडला, आणि तो काही केल्या मनातून जाईना. त्यात आमची शोभा काही वाढत नाही, तरी तोच लिहायचं ठरवलं. घरी सगळ्यांनी मिळून वाचावा.

*प्रसंग असा झाला*

मार्गशीर्षातल्या उत्सवासाठी पत्रावळी, द्रोण आणि दोन मोठे झारे आणायला आम्ही सहा जणी गाडी करून नागपूरला, इतवारीत गेलो होतो. घासाघीस करता करता दुपार टळली. सावनेर ओलांडून सौंसरला येईपर्यंत दिवे लागले होते. सकाळी घरून खाऊन निघालेल्या, त्यानंतर एक चहा, बस्स. आमच्यातली सगळ्यात धाकटी सून म्हणाली, "काकू, इथं एक नूडल्सचं हॉटेल आहे. आज तुम्ही पण खाऊन बघा की." आम्ही पन्नाशी-साठीच्या बायका, पण पोरीचं मन कशाला मोडा, म्हणून उतरलो. हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गोष्ट हॉटेलची नाहीच.

आठ टेबलं, वाढणारी दोन पोरं आणि गल्ल्यावर मालक. आम्ही दोन प्लेट साधे हाक्का, एक शेजवान, एक कोबीचं मंचुरियन आणि दोन सूप सांगितलं. पाणी दोनदा मागावं लागलं. पंधरा मिनिटांनी एक प्लेट आली, ती सहा जणींत कशी वाटायची? दुसरी आली तोवर पहिली संपली होती. आमच्यामागून आलेल्या कॉलेजच्या पोरांना त्यांचे नूडल्स आधी मिळाले. तेवढ्यात एक मोठी गाडी थांबली, कुटुंब उतरलं, आणि मालक स्वतः गल्ल्यावरून उठला. टेबल पुसलं, पाण्याच्या बंद बाटल्या आल्या, "या साहेब, बसा साहेब." त्यांचं सूप आमच्या सूपाच्या आधी. आमचं मंचुरियन आलं ते कोमट, आणि शेजवान तर विसरूनच गेले.

मग आमचा तोल गेला. त्या वाढणाऱ्या पोराला हाक मारून आम्ही नको नको ते बोललो. "पैसे काय फक्त गाडीवालेच देतात का? आम्ही फुकट बसलो का इथं?" आवाज इतका चढला की कॉलेजची पोरं वळून पाहायला लागली. पोरगा जेमतेम अठरा-एकोणीसचा असेल. खाली मान घालून "लाता हूँ आंटी, दो मिनिट" एवढंच म्हणाला. बिल दिलं, वर एक रुपया ठेवला नाही, आणि तणतणत गाडीत बसलो.

*कढई एक, मनं अनेक*

गाडीत बसल्यावर धाकट्या सुनेनं एक गोष्ट सांगितली. तिच्या माहेरी भावाची चायनीजची गाडी आहे. ती म्हणाली, नूडल्स आधीच उकडून, तेल लावून ठेवलेले असतात. पण परतायचे ते मोठ्या आचेवर आणि थोडे थोडे, नाही तर त्यांचा गिचका होतो. एका कढईत एका वेळी दोन, फार तर तीन प्लेटा निघतात. म्हणून आचारी एकसारख्या ऑर्डरी एकत्र घेतो. कॉलेजच्या पोरांनी सगळे साधे हाक्का मागवले, त्यांचं एका घाण्यात निघालं. आपलं चार तऱ्हेचं होतं. त्यात पार्सलवालेही त्याच कढईवर अवलंबून.

म्हणजे त्या पोरांना आधी मिळालं, त्यात कोणाचा अन्याय नव्हता. तो कढईचा हिशोब होता. पण गाडीवाल्यांचं टेबल मालकानं स्वतः पुसलं, त्यांचं सूप आधी आलं, तो कढईचा हिशोब नव्हता. तो माणसं पाहून केलेला हिशोब होता. आम्हाला दोन्ही एकच वाटले होते. भूक लागली आणि मान दुखावला की माणूस तेवढा फरक करत नाही.

मोठ्या काकू तेव्हा हळूच म्हणाल्या, "याला आमची आई पंक्तिप्रपंच म्हणायची."

नव्या पिढीतल्या मुलांना हा शब्द माहीत नसेल, म्हणून सांगतो. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच. एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात नुसता वास. जुनी माणसं याला मोठं पाप मानायची. आणि तीच जुनी माणसं हसत हसत हेही म्हणायची की वाढणारा ओळखीचा असला म्हणजे पंगतीच्या शेवटी बसलं तरी चालतं! पाप काय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि चालतं कसं तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

पण सगळ्यांना मापून सारखंच वाढलं म्हणजे पंक्तिप्रपंच टळला का? तसंही नाही. दात पडलेल्या आजोबांना मऊ पोळी दिली, लहान पोराला अर्धी दिली, साखरेचा त्रास असलेल्याला बुंदी आग्रहानं वाढली नाही, याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणणार नाही. तिथे वाढणाऱ्यानं समोरच्याची भूक पाहिली. पंक्तिप्रपंचात तो भूक पाहत नाही, तोंड पाहतो. कोणाचा कोण, कोणत्या गाडीतून आला, उद्या आपल्या काय कामाचा, हे पाहतो. पान तेच आणि हातही तोच. नजर कुठे आहे, त्यावर सगळं ठरतं.

एवढं बोलणं झालं आणि आम्हाला बरं वाटलं. त्या मालकाच्या दोषाला नाव सापडलं होतं!

*मागच्या डिक्कीतल्या पत्रावळी*

तेवढ्यात गाडी खड्ड्यातून गेली आणि मागचे पत्रावळींचे गठ्ठे खडखडले. धाकटी सून सहज म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं, "काकू, मागच्या वर्षी आपल्या भंडाऱ्यात शेवटच्या पंगतीला काय उरलं होतं?"

कोणी बोललं नाही.

मागच्या वर्षीच्या भंडाऱ्यात पहिली पंगत पाहुण्यांची आणि देणगीदारांची बसली. त्यांना बुंदी दोनदा फिरली, मठ्ठा फिरला, आलू-वांग्याच्या भाजीवर तर्री होती. दुसरी-तिसरी गावाची. सगळ्यात शेवटी मंडपवाले, बँडवाले, आणि दोन दिवस मोठी भांडी घासणारी बाई तिच्या दोन लेकरांना घेऊन बसली. तोवर बुंदी संपली होती. भाजीत आलू नव्हता, वांगं नव्हतं, नुसता रस्सा होता. भात आणि पातळ वरण. लहान पोरगी म्हणाली, "माय, बुंदी?" आणि बाईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. वाढायला आम्हीच होतो. आम्ही म्हटलं, "संपली बाई, काय करता, गर्दीच एवढी झाली."

बुंदी संपली नव्हती. कोठीघरात आमचे स्टीलचे डबे भरून ठेवले होते. घरच्यांसाठी प्रसाद म्हणून. सहाही जणींचे.

गुरुबंधूंनो, हे लिहिताना हात जड होतो. पण खोटं कशाला लिहावं? गाडीत ज्या आम्ही एका हॉटेलवाल्याला नाव ठेवत होतो, त्याच आम्ही वर्षभर त्या डब्यांना "नाइलाज" म्हणत आलो होतो. आपल्याला कमी वाढलं तर अन्याय, आणि आपण कमी वाढलं तर नाइलाज. असं कसं?

*दोष कोणाचा मोठा?*

यावर आमच्यात पुष्कळ बोलणं झालं. एकीचं म्हणणं, हॉटेल वेगळं आणि भंडारा वेगळा. हॉटेलात आपण पैसे मोजतो, म्हणून हक्कानं मागू शकतो. भंडाऱ्यात कोणी पैसे दिलेले नसतात, मिळालं ते प्रसाद म्हणून घ्यावं.

ऐकायला बरोबर वाटतं. पण उलटून पाहिलं तर हाच मुद्दा आपल्यावर येतो. हॉटेलवाला निदान म्हणू शकतो, मोठं गिऱ्हाईक, मोठं बिल, माझं पोट त्यावर आहे. भंडाऱ्यात तर कोणीच गिऱ्हाईक नाही. तिथे कोणाचाच जास्त हक्क नाही, म्हणून कोणाचा कमीही नाही. देणगीदारानं दिलं ते गुरूंच्या चरणी दिलं, त्या बदल्यात त्यानं दुसऱ्यांदा बुंदी विकत घेतली नाही. मग आपण ती कोणत्या हिशोबानं वाढली? हॉटेलवाल्यानं माणसं पाहून वाढलं ते पैशासाठी. आपण माणसं पाहून वाढलं आणि वर त्याला सेवा म्हटलं. आमच्या मते आपला दोष मोठा.

शिखांच्या लंगरमध्ये जेवायला बसलेल्या ओळीला पंगतच म्हणतात, शब्द तोच. गुरू नानकांपासून (१४६९–१५३९) चालत आलेली ही रीत. ज्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदं आहेत, त्याच ग्रंथापुढे माथा टेकून लोक तिथे जमिनीवर एका ओळीत बसतात, राजा असो की रंक. हा नियम फक्त जेवणाऱ्यांसाठी आहे असं आम्हाला आधी वाटायचं. आता वाटतं, तो वाढणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नजरेपासून वाचवण्यासाठीही आहे. मनाचा भरवसा नाही, म्हणून ओळ आखून दिली.

आणि हॉटेलची गोष्ट निघालीच आहे तर कोल्हापूरची सांगायलाच हवी. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येणार कुठून? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तोच चहा घ्यायला लावायचे. सौंसरच्या त्या मालकानं मोठी गाडी पाहून टेबल पुसलं. महाराजांनी आपली मोठी गाडी ज्याच्या दारात कोणी जात नव्हतं त्याच्या दारात उभी केली. मोठेपण दोघांपुढेही होतं. एकानं त्याच्यापुढे मान झुकवली, दुसऱ्यानं ते शेवटच्या माणसाच्या पाठीशी उभं केलं.

शेगावचे गजानन महाराज तर २३ फेब्रुवारी १८७८ रोजी लोकांना पहिल्यांदा दिसले तेच टाकलेल्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. ही कथा आपण सगळे हात जोडून ऐकतो. पण त्या दिवशी पंगतीत वाढायला आपण असतो तर त्यांना कुठे बसवलं असतं? खरं उत्तर आम्हाला माहीत आहे. "नंतर या" म्हटलं असतं.

*रागाचाही पंक्तिप्रपंच*

आता एक प्रश्न राहतो. मग हॉटेलात गप्प बसायचं का? वाईट वागणूक मिळाली तर सोसायचं का?

नाही. गप्प बसणं म्हणजे शांती नव्हे. कोमट मंचुरियनचे पूर्ण पैसे घेतले तर ते सांगायला हवं, आणि माणसं पाहून वाढलं तर तेही सांगायला हवं. पण कोणाला? टेबल पुसायला मालक उठला होता. दोन पोरांवर आठ टेबलं त्यानंच टाकली होती. आणि आम्ही बोललो कोणाला? त्या पोराला. का? कारण तो उलट बोलू शकत नव्हता. मालकाशी तर बिल देताना आम्ही "हो भाऊ, ठीक होतं" असंच म्हणालो!

म्हणजे आम्ही राग वाढला, तोसुद्धा तोंड पाहून. मालकाच्या पानात काहीच नाही, आणि पंगतीच्या शेवटच्याच्या पानात डावभर.

पंधरा दिवसांनी बँकेच्या कामाला आमच्यातल्या तिघी सौंसरला गेल्या, तेव्हा त्या हॉटेलात डोकावल्या. त्या पोराला दोन शब्द बरे बोलावेत असं मनात होतं. मालक म्हणाला, "गेला तो. गावाकडं कापूस वेचणी लागली, तिकडं बरे पैसे मिळतात." कोणतं गाव ते त्याला ठाऊक नव्हतं. त्या मुलाची माफी मागायची राहिली ती राहिलीच. मालकाला मात्र त्या दिवशीचं सगळं शांतपणे सांगितलं. तो थोडा ओशाळला, थोडा चिडला.

*यंदा काय केलं*

यंदाच्या भंडाऱ्यात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. शेवटची पंगत उठल्याशिवाय कोणाचाही डबा भरायचा नाही. बुंदी प्रत्येक पानात एकदाच, मग पान कोणाचंही असो. आणि शेवटी बसायचं ते सेवेकऱ्यांनी, बाकी कोणी नाही.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. एक जुने देणगीदार "यंदा हात आखडता घेतला वाटतं" असं म्हणून गेले. भांडी घासणाऱ्या बाईला दुसऱ्या पंगतीत बसा म्हटलं तर ती उठेचना. "भांडी कोण पाहील?" म्हणाली. बसली, पण घाईघाईनं खाल्लं आणि पाणी न पिताच उठली. वर्षानुवर्षांची सवय एका पंगतीत जात नाही. तिच्या पोरीनं मात्र बुंदी सावकाश, एक एक कळी करून खाल्ली. आमची पंगत बसली तेव्हा वरण-भात होता, बुंदी खरोखरच संपली होती. डबे रिकामे घरी गेले. घरच्यांनी विचारलं, प्रसाद कुठे? त्यांना काय सांगायचं ते आम्हाला त्या दिवशी सुचलं नाही, म्हणून हे लिहिलं.

*घरातली शेवटची पंगत*

जाता जाता घरातलं एक बोलू. नूडल्स म्हणजे परकं खाणं असं आपण म्हणतो, पण आपल्याकडे सरगुंडे होतेच की! भिजवलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, काढून वाळवायची, मग उकडून आमरसात नाही तर दुधात. उन्हाळ्यात आया-काकू ओसरीवर बसून करायच्या. ते अख्खे सरगुंडे जायचे जावयाच्या ताटात, आणि तुटलेले मुलींच्या. आई कधी खायची ते आम्ही पाहिलंच नाही. पंक्तिप्रपंच पाप आहे हे सांगणाऱ्या घरांतच हे चालायचं, आणि आजही चालतं. गरम पोळी कोणाला आणि सकाळची कोणाला, ते प्रत्येकानं आपल्या घरी आठवून पाहावं.

कोणी म्हणेल, बाई शेवटी जेवते तो तिचा त्याग. आम्हीही तसंच म्हणायचो. पण यंदा शेवटच्या पंगतीत स्वतःहून बसलो तेव्हा फरक कळला. शेवटी बसायचं आम्ही ठरवलं होतं, म्हणून वरण-भात गोड लागला. त्या बाईला मागच्या वर्षी कोणी विचारलंच नव्हतं. शेवटचं पान स्वतः निवडलं तर ती सेवा, दुसऱ्यानं नेमून दिलं तर तो अन्याय. पान तेच, भात तोच.

म्हणून या आठवड्यात एक दिवस घरातल्या सगळ्यांनी एका वेळी बसावं, पोळ्या मधोमध ठेवाव्यात, आणि रोज जी शेवटी बसते तिला पहिली पोळी वाढावी. ती नको म्हणेल, उठायला बघेल. दोनदा आग्रह करावा. आणि आपल्या गावच्या पुढच्या भंडाऱ्यात, बुंदीची बादली हातात असेल तेव्हा, ओळीच्या शेवटाकडे आधी एकदा पाहावं.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर सद्गुरूंनी आणि आपण सर्वांनी क्षमा करावी. चुकलं असेल ते सांगावं, पण आमच्यातल्या धाकट्या सुनेला नको, थेट आम्हाला सांगावं. 🙏

आपल्या,
सेवेकरी भगिनी, मोहगाव